खड्ड्यातली गाडी

वाळूजच्या ज्या कंपनीत मी काम करते, तिथं क्लच प्लेटी तयार होतात. मी स्टोअरला आहे. एकोणीस वर्षं झाली, प्लेटींची खोकी माझ्या नजरेखालून रॅकवर चढतात आणि रॅकवरून ट्रकमध्ये जातात. तक्रारीची झिजलेली प्लेट परत आली तर नुसता हात फिरवून मी सांगते, हा माणूस सगळा वेळ क्लचवर पाय ठेवून गाडी चालवतो. एवढं असून वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षापर्यंत मी स्वतः एकदाही क्लच दाबलेला नव्हता. यात कुणाला काही विचित्र वाटलं नाही. मलाही वाटलं नाही. माझ्याकडे स्कूटी होती, कामावर जायला कंपनीची बस होती आणि गाडी चालवायला नवरा होता.

मग नवऱ्याचे डोळे बिघडले. साखरेनं आतला पडदा खराब होत गेला आणि डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितली. तेव्हापासून महिन्यातून एकदा जालना रोडवरच्या दवाखान्यात डोळ्यात इंजेक्शन घ्यायला जावं लागतं आणि त्यासाठी बिडकीनहून धाकट्या दिराला बोलवावं लागायचं. दीर मनाचा वाईट नाही. पण दहाला येतो म्हणाला की साडेअकराला येणार. आल्यावर चहा. चहानंतर आमच्या घराची तपासणी, म्हणजे टाकीचा कॉक गळतो, गच्चीची कुंडी चुकीच्या जागी आहे, मुलगी पुण्यात एकटी राहते ते बरं नाही. मग गाडी काढणार. परत आलो की मी आभार मानायचे आणि पुढच्या महिन्यात पुन्हा फोन लावायचा, भाऊजी, मंगळवारी जमेल का. रिक्षा नाहीत असं नाही. रिक्षानंही गेलो. पण डोळ्याला पट्टी बांधलेला माणूस दणके खात घरी येतो आणि स्वतःच्या दारात झाकून ठेवलेल्या गाडीला वळसा घालून आत जातो, हे मला पटत नव्हतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दीर पुरणपोळ्यांचा डबा घेऊन आला. मी स्वयंपाकघरात होते. बाहेर तो नवऱ्याला सांगत होता की उभ्या गाडीचे टायर बसतात, बॅटरी जाते, उंदीर वायरी खातात. चालवणारं कुणी नाही तर दसऱ्याला पूजा करून मी घेऊन जातो. लागली की बोलवा, मी आहेच.  नवरा म्हणाला, ने.

घरात कुकरपासून चादरीपर्यंत काहीही द्यायचं तर आधी मला विचारतात. गाडीचं कुणी विचारलं नाही. मी डबा रिकामा करून बाहेर नेला आणि दिराच्या हातात देऊन म्हणाले, "दसऱ्याला गाडी मी काढणार आहे."

दीर हसला. वाईट हसला नाही, लहान मुलानं काही बोलावं तसा हसला.

"वहिनी, ती काय स्कूटी हाय का? आन् काढणार कुठून? या खड्ड्यातून?"

खड्ड्याचं सांगायला हवं. आमचं सिडकोतलं रो हाउस. आम्ही राहायला आलो तेव्हा पोर्च रस्त्यापेक्षा वीतभर उंच होता. नंतर रस्ता झाला, मग त्यावर पुन्हा झाला, शेवटी सिमेंटचा झाला. जुना रस्ता कुणी उकरला नाही, थरावर थर चढत गेले. आता रस्ता वर आणि आम्ही खाली. फाटकापासून पोर्चमध्ये उतरायला आम्ही उभा रॅम्प करून घेतलाय. घराकडे तोंड करून गाडी आत सोडली की आपोआप येते. बाहेर काढायची म्हणजे रिव्हर्स गिअरमध्ये, उलट्या चढानं, मागून जाणाऱ्या मोटारसायकली बघत. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला पाण्याची मोटर. नवऱ्याला ते जमायचं, दिराला जमतं. गल्लीतले दोघेतिघे पुरुष मात्र गाडी रस्त्यावरच लावतात आणि कारण विचारलं तर पोर्चमध्ये दमट असतं म्हणतात.

"दसऱ्याला एका दमात वर काढून दावा," दीर म्हणाला. "मी पुन्हा गाडीचं नाव नाय काढणार. आन् नाय निघाली तर चावी माझी."

"चालेल," मी म्हणाले.



दुसऱ्या दिवशी मी शिकाऊ लायसन्सचा अर्ज भरला आणि ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. सकाळी सहा ते पावणेसात, बसच्या आधी. मुलीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, आई, क्लचच्या भानगडीत पडतेस कशाला, आता सगळे ऑटोमॅटिक चालवतात, ती विकून तसली घे. मी म्हणाले, ही दारात आहे आणि हीच चालवायची आहे. स्वयंपाकघरात गॅस आहे तो पेटवायला शिकायचं, की काडी ओढता येत नाही म्हणून शेगडी बदलायची?

शिकवायला साठीचे एक गृहस्थ होते. सगळ्या बायका त्यांना चाचा म्हणत, मीही म्हणू लागले. पांढरा शर्ट, खिशात भुईमुगाच्या शेंगा. एका हातानं शेंगा सोलत दुसऱ्या हातानं माझं स्टेअरिंग सरळ करायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी मला टीव्ही सेंटरच्या चौकातून फिरवून आणलं. चौथ्या दिवशी मी गिअर बदलत होते. आठव्या दिवशी मला वाटलं, लोक उगाच बाऊ करतात. क्लच माझ्या पायाखाली लोण्यासारखा खाली जायचा आणि तसाच अलगद वर यायचा. गाडी एकदाही बंद पडली नव्हती. स्टोअरमधल्या बायकांना मी जेवणाच्या सुट्टीत सांगितलंसुद्धा, एवढं काही अवघड नसतं ते.

नवव्या दिवशी सिग्नलला थांबलो असताना माझा चष्म्याचा डबा खाली पडला. मी वाकले. माझा पाय पेडलवरून बाजूला काढलेला होता आणि क्लचचं पेडल स्वतःच खाली गेलेलं होतं. मी तशीच वाकून राहिले. सिग्नल सुटला, पेडल हळूच वर आलं आणि गाडी निघाली.

शिकवण्याच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या बाजूलाही ब्रेक आणि क्लच असतो, हे मला माहीत होतं. अडचणीसाठी असतो, अशी माझी समजूत होती. नऊ दिवस गाडी चाचा चालवत होते. मी स्टेअरिंग धरून बसले होते, जत्रेतल्या मोटारीत बसतात तशी.

गाडी कडेला घ्यायला सांगून मी विचारलं. चाचांनी नाकारलं नाही. म्हणाले, "मॅडम, सबका ऐसाच करते. लेडीज लोगां घाबरते. प्लेट जल गई तो मालिक मेरेकू बोलता."

"पंधरा दिवसांनी काय करतात त्या?"

"सर्टिफिकेट लेके जाते," चाचा शांतपणे म्हणाले. "फिर गाडी घरवाला चलाता."

असा राग मला फार वेळा येत नाही. प्लेट कशानं जळते हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी त्यांना सांगितलं की उद्यापासून सीटवर मांडी घालून बसायचं, दोन्ही पाय वर. ब्रेक मारायची वेळ आली तर हँडब्रेक हातात आहेच. ते नक्को नक्को म्हणाले, मालकाचं नाव दोनदा घेतलं. मी म्हणाले, तुमच्या मालकाला मीच सांगते की नऊ दिवसांत मी काय शिकले. दुसऱ्या दिवशी चाचांनी चपला काढल्या आणि सीटवर मांडी घातली, पंगतीला बसावं तशी.

त्या दिवशी गाडी किती वेळा बंद पडली ते मी मोजलं नाही. टीव्ही सेंटरच्या चौकात मधोमध पडली, सुरू केली, बेडकासारखी उडाली, पुन्हा पडली. मागे सिटी बस, बाजूला दुधाचे कॅन लावलेली मोटारसायकल, सगळ्यांचे हॉर्न. दूधवाला शेजारी येऊन वाकून म्हणाला, काकू, गाडीला ढकलू का घरापर्यंत? मी म्हणाले, ढकला, पण कॅन उतरवून ठेवा आधी, सांडेल. तो हसत गेला. चाचा मांडी घालून शेंगा सोलत होते. म्हणाले, "बजने दो. हॉर्न से गाडी नै चलती."

ते चाचांचं पहिलं शिकवणं. पाय वर घेतल्यावर ते खरोखर चांगले शिकवायला लागले, कदाचित दुसरं काही करायला उरलं नव्हतं म्हणून. क्लच हळूहळू सोडताना एका जागी इंजिनाचा आवाज जड होतो आणि गाडीचं नाक किंचित उठतं. तिथं पाय थांबवायचा. तिथं गाडी धरलेली असते, पुढेही जात नाही आणि मागेही नाही. स्टोअरच्या भाषेत सांगायचं तर प्लेट नुसती टेकलेली असते, चिकटलेली नसते. हे मला एकदा कळलं आणि पायाला कळायला आणखी सहा दिवस लागले. एकदा पावसानंतर मैदानातल्या चिखलात गाडी रुतली, तेव्हा मी आरशातून मागच्या चाकांकडे बघत होते. चाचा म्हणाले, "पीछे कायकू देखते? तुम्हारी गाडी भी ऐसीच हय, आगे के पहिए खींचते. मिट्टी डालनी तो आगे डालो." हेही मी लक्षात ठेवलं.

पंधरा दिवस संपले आणि मी आणखी पंधरा घातले. मग लायसन्सची परीक्षा झाली आणि पास झाले. घरच्या गाडीवर रोज संध्याकाळी, कंपनीतून आल्यावर, खड्ड्यात सराव सुरू झाला.

नवरा शेजारी येऊन बसू लागला. त्याला रस्ता धूसर दिसतो, पण गाडी कानानं कळते. अडचण अशी की त्याचा हात मधेच हँडब्रेकवर जायचा. त्याला वाटायचं गाडी भिंतीला लागणार आणि तो ब्रेक खेचायचा, की गाडी बंद. तिसऱ्या दिवशी मी त्याला मागच्या सीटवर बसवलं. त्यावर तो बराच वेळ फुगला होता. मागून फक्त "आता" एवढंच म्हणायची परवानगी होती. इंजिन जड झालं की तो म्हणायचा, आता. मी ब्रेक सोडायचे. दहातल्या सहा वेळा गाडी चढायची. चार वेळा धडपड, वास आणि शेजारच्या गच्चीवरून कुणाचं तरी डोकावणं.

एका संध्याकाळी गाडी वर काढून आम्ही रस्त्याच्या कडेला बसलो होतो. मी विचारलं, "भाऊजींना गाडी ने का म्हणालात?"

"चालवता येत नाही, पण तिला रोज हात लावून आत जावं लागतं," तो मागून म्हणाला. "पोर्चमध्ये दुसरीकडून जागाच नाही."

मी आरशात बघितलं. तो खिडकीबाहेर तोंड करून बसला होता. मी म्हणाले, मग हात लावत जा. गाडी जाणार नाही. आणि इंजिन सुरू केलं, कारण अंधार पडायच्या आत आणखी दोनदा गाडी खड्ड्यातून काढायची होती.

दसऱ्यापर्यंत दहातल्या नऊ वेळा गाडी चढत होती.

दसऱ्याच्या सकाळी चूक झाली ती माझीच. गाडी स्वच्छ दिसावी म्हणून मी ती खड्ड्यातच धुतली, शॅम्पू टाकून, दोन बादल्या. पोर्चची फरशी गुळगुळीत कोटा दगडाची. पाणी रॅम्पवरून उतरून पुढच्या चाकांपाशी साचलं, कारण त्याला जायला दुसरी जागा नाही. मी खराट्यानं ओढल्यासारखं केलं आणि पुरणाकडे वळले. दीर आणि जाऊ दहाला आले. त्या दिवशी मात्र वेळेवर. जावेनं रॅम्पवर रांगोळी काढली, दिरानं बॉनेटला झेंडूची माळ बांधली, गंध लावलं, नारळ फोडला. चारही चाकांखाली चार लिंबं ठेवली. नारळाचं पाणी, फुलांच्या पाकळ्या, शॅम्पूचा फेस, सगळं खाली जमलं. गल्लीतले लोक आपापल्या मोटारसायकली पुजून आमच्या फाटकाशी उभे राहिले होते. बातमी दिरानंच पसरवली असणार.

मी बसले. नवरा मागच्या सीटवर. रिव्हर्स टाकला, क्लच सोडत आणला, आवाज जड झाला. नवरा म्हणाला, आता. मी ब्रेक सोडला आणि थोडा अॅक्सिलरेटर दिला. पुढची चाकं जागेवर गरागरा फिरली. गाडी तसूभर हलली नाही, मग तिरकी होऊन भिंतीकडे सरकली. मी घाबरून क्लचवरून पाय काढला आणि गाडी बंद पडली. लिंबंसुद्धा चारातली दोनच फुटली होती.

फाटकाशी कुणीतरी हसू दाबलं. मी खाली उतरले. एका दमात निघाली नव्हती. बोलणं तसंच झालं होतं, त्यामुळे मी चावी दिराच्या हातावर ठेवली. तो घेताना म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नका वहिनी. तुमी लई केलं." हे मला पैजेपेक्षा जास्त लागलं.

तो बसला. दीर ट्रॅक्टर वयाच्या चौदाव्या वर्षापासून चालवतो, आणि गाडीही तशीच चालवतो, म्हणजे सगळा जोर एकदम. त्यानं इंजिन ओरडवलं. चाकं फिरली, फेस, पाकळ्या आणि नारळाचं पाणी पुढच्या भिंतीवर उडालं आणि गाडी आणखी भिंतीकडे सरकली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा जळका वास आला. तो मला घरात बसूनही ओळखू आला असता. दीर उतरला, जावेला म्हणाला पोतं आण. जावेनं तांदळाची दोन रिकामी पोती आणली. दिरानं ती मागच्या चाकांच्या मागे घातली, रांगोळीवर, पायानं नीट दाबून. बसला. पुन्हा तेच.

"सणाच्या दिवशी वाहन अडून बसतं कधी कधी," तो काच खाली करून म्हणाला. "उद्या येतो. ऊन लागू द्या."

मी हात पुढे केला. "चावी द्या."

"वहिनी, आता झालं ना आपलं."

"तुमचीही निघालेली नाही. द्या."

त्यानं दिली. सगळे बघत होते म्हणून दिली असेल. मी आधी खराटा घेतला आणि पुढच्या चाकांजवळचा फेस, पाकळ्या, पाणी सगळं बाजूला ओढलं. जाऊ पुटपुटली की पूजेची फुलं झाडतात का. मी म्हणाले, आज झाडतात. मग मागच्या चाकांमागची दोन्ही पोती उचलली आणि आत नेऊन पुढच्या चाकांच्या मागे सारली, रबराखाली जातील तेवढी आत.

दीर म्हणाला, "तिथं कशाला? जोर तर मागच्या चाकाला असतोय."

"ट्रॅक्टरला," मी म्हणाले. "ही पुढच्या चाकांवर चालते. एकोणीस वर्षं हेच सामान मोजते मी."

मी बसले. नवरा सगळा वेळ मागे बसूनच होता, उतरलाच नव्हता. आवाज जड झाला. तो म्हणाला, आता. चाकांनी पोतं धरलं, गाडी एकदा खसकन हलली आणि चढू लागली. लिंबं फुटल्याचा आवाज आला. रांगोळीवरून, फाटकातून, बाजूला पळणाऱ्या माणसांमधून गाडी रस्त्यावर आली आणि मी ब्रेक लावला. 

दीर रॅम्प चढून काचेशी आला. त्याच्या नव्या पांढऱ्या पायजम्यावर झेंडूचे डाग होते.

"पोतं टाकून कुणीबी काढंल," तो म्हणाला.

"मी तरी दुसरं काय म्हणतेय, भाऊजी."

मी त्याला आणि जावेला बसायला सांगितलं. जाऊ लगेच पुढच्या सीटवर येऊन बसली. दीर म्हणाला मी इथंच थांबतो, पोती वाळत घालतो. आम्ही क्रांती चौकापर्यंत जाऊन आलो. एका सिग्नलला गाडी बंद पडली. जावेनं मागच्या हॉर्नवाल्याकडे वळून असं बघितलं की तो गप्प झाला. मग तिनं सगळा रस्ता माझ्या डाव्या पायाकडे बघत काढला आणि दोनदा विचारलं की तो असा अर्धा का थांबवता. मी सांगितलं.

दीर अजून म्हणतो की पैज मी हरले. एका दमात निघाली नव्हती, खरं आहे, आणि कुणी विचारलं तर मीही तेच सांगते. चावी माझ्या पर्सच्या पुढच्या कप्प्यात असते. पुढच्या मंगळवारी इंजेक्शन झालं, त्याच्या पुढच्याही महिन्यात झालं. मी कुणाला फोन लावला नाही. फाटकाशेजारी खिळ्याला दोन पोती अडकवलेली असतात.

आता आमच्या गल्लीत रस्त्याचं काम पुन्हा निघालंय. आणखी एक थर येणार, म्हणजे खड्डा आणखी खोल होईल. शेजारचे म्हणाले, आता तरी गाडी रस्त्यावर लावत जा. मी म्हणाले, नाही, आतच लावणार.